खांदा पाहून माप सांगणाऱ्या इंदुताई

इंदुताई पिंपळकरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि माझ्या मांडीवर जवळजवळ माझ्याएवढंच एक व्हायोलिन होतं. भातकुलीहून अमरावतीपर्यंत एसटीत ते मीच धरून आणलं होतं, कारण निघतानाच बाबांनी बजावलं होतं की तुझं आहे तर तूच सांभाळ. त्यांनी ते नागपूरच्या एका नातेवाइकाकडून मुद्दाम मागवलं होतं. शाळेच्या गॅदरिंगला आलेल्या पाहुण्यांनी वाजवलेलं व्हायोलिन मी तोंड उघडं टाकून ऐकलं, एवढंच त्याला निमित्त. आमच्या घरी कापूस, तूर आणि ज्वारी यांच्यापलीकडे कुणाला कशातलं फारसं कळत नव्हतं. पण पोरीला आवडलं म्हणजे आणायचं, आणि आणायचं तर पुरेसं मोठं आणायचं, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. शाळेचा फ्रॉक, चपला, स्वेटर, सगळं आमच्याकडे वाढत्या अंगाचं घेतलं जाई. व्हायोलिनही तसंच घेतलं.

त्या भेटीत पुढे काय झालं ते सांगते, पण आधी एक कबुली द्यायला हवी. ताईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लेख द्या, असं समितीने मला सांगितलं त्याला चार महिने झाले. मी दोनदा लिहिला आणि दोनदा फाडला. दुसऱ्यांदा लिहिलेला वाचून माझे यजमान म्हणाले, "अवं, ताई हायेत ना अजून? हे तं तेराव्याले वाचासारखं लिहून राहिली तू." मला राग आला, पण त्यांचं खरं होतं. गेल्या दिवाळीपासून ताईंनी व्हायोलिन वाजवणं बंद केलं होतं. शिकवत होत्या, पण गाऊन शिकवत होत्या. कुणी विचारलं की म्हणत, "आता आपलं ऐकाचं वय." सत्काराच्या कार्यक्रमात दहा मिनिटं वाजवा, अशी विनंती समितीने केली, तिलाही त्यांनी साफ नाही म्हटलं. ज्यांच्यामुळे अमरावती-अकोल्यातल्या दोन पिढ्यांच्या हाती व्हायोलिन आलं, त्यांच्याच हातातून ते सुटलं होतं आणि आम्ही शिष्य शाल कुठली घ्यायची यावर चर्चा करत होतो. मला ते फार लागलं होतं. ताई पुन्हा वाजवतील का, हा एकच प्रश्न डोक्यात घेऊन मी फिरत होते आणि लेख त्यामुळेच रखडला.

तर ती पहिली भेट. ताई तेव्हा मुलींच्या एका शाळेत विज्ञान शिकवत आणि संध्याकाळी व रविवारी राजापेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत व्हायोलिन. खोलीत एक सतरंजी, भिंतीला टेकवून ओळीने ठेवलेल्या पेट्या आणि खिडकीत कढीपत्त्याची कुंडी. बाबांना वाटलं होतं की बाई आधी व्हायोलिन हातात घेतील, वाजवून बघतील, छान आहे म्हणतील. ताईंनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी मला बशीत चिवडा दिला आणि मी तो खाते कशी ते बघत बसल्या. मग मला सतरंजीवर बसवलं, उजवा पाय थोडा पुढे घ्यायला लावला, व्हायोलिनचं वळलेलं टोक त्या पावलावर टेकवलं, दुसरी बाजू डाव्या खांद्याखाली छातीशी लावली आणि डाव्या हाताची करंगळी तारेवर टेकवायला सांगितली. आमच्या वादनात सा लावलेल्या तारेवर करंगळी जिथे टेकते तिथे पंचम येतो. ती जागा त्यांनी दाखवली.

"इथं नाही बाई, अजून पुढे. अजून थोडी."

मी करंगळी ताणली. पोचली ती, अगदीच नाही असं नाही. बाबांचा चेहरा खुलला. पण ताई बोटाकडे बघतच नव्हत्या, त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझा डावा खांदा कानापर्यंत चढला होता आणि खालचा ओठ दातात होता.

"वायलिन चांगलं हाय भाऊ," ताई म्हणाल्या, "पण हे या पोरीचं नाही. ही सोळा वर्सांची होईन तवाचं हाय."

"मंग होईनच ना ती सोळाची," बाबा म्हणाले. "पोरी काय वाढाच्या थांबतेत?"

"पोरगी वाढीन. पण तवापर्यंत तिचा खांदा असाच वर राह्यला, तं मंग तो खाली येत नाही."

आणि त्यांनी भिंतीजवळची एक छोटी पेटी उघडून मला एक लहानसं व्हायोलिन धरून बघायला दिलं. व्हायोलिनची मापं पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण अशी असतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं. अर्धं म्हणजे लांबीने निम्मं नसतं बरं का, थोडंसंच लहान असतं, पण नाव तसं पडलंय खरं. बाबांना ते नावच झोंबलं. एवढा खटाटोप करून पूर्ण आणलेलं आणि बाई पोरीच्या हातात अर्धं देतात, हे काही त्यांना पटेना. परत येताना एसटीत ते सारखे खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, संपलं आपलं व्हायोलिन. घरी आल्यावर आईने विचारलं तेव्हा मात्र ते पाणी पिऊन म्हणाले, "बाई बरोबर हाय. गोऱ्ह्याच्या मानेवर मोठ्या बैलाचं जू ठेवलं का तो जन्मभर मान तिरपी करून चालते. मले समजाले पायजे होतं." ते पूर्ण व्हायोलिन मग सात वर्षं आमच्या कपाटावर राहिलं. दर पोळ्याला बाबा ते खाली काढून पुसत.

ताईंनी आजवर किती मुलांची मापं घेतली असतील याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. त्यांची पद्धत मात्र सांगण्यासारखी आहे, कारण ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. विज्ञानाच्या बाई असूनही त्यांनी कधी टेप किंवा पट्टी वापरली नाही. माप त्या तीन रविवार घेत. पहिल्या रविवारी आईवडिलांच्या देखत. दुसऱ्या रविवारी आईवडिलांना बाहेर ओट्यावर बसवून, कारण आईवडील समोर असले की प्रत्येक मुलाला मोठंच व्हायोलिन बरोबर बसतं. आणि तिसऱ्या रविवारी मुलाला आधी तासभर अंगणात पळू देऊन, दमवून. मूल ताजंतवानं असलं की ओढून ताणून निभावून नेतं, दमलं की खांदा सगळं सांगून टाकतो, असं त्या म्हणत. तीन रविवार झाले की व्हायोलिन मिळे, मलाही ते तसंच घरी नेता आलं. त्याआधी कुणाची कितीही मोठी ओळख असली तरी नाही. एका मोठ्या वकिलांनी चिडून विचारलं होतं की यात तीन आठवडे घालवण्यासारखं काय आहे. ताईंनी त्यांना विचारलं, "तुमी पह्यल्याच तारखेले निकाल घेता काय?" वकीलसाहेब हसले आणि ओट्यावर जाऊन बसले. त्यांची मुलगी अनघा पुढे माझी वर्गमैत्रीण झाली.

त्या अनघामुळेच मला ताईंच्या घरची दुसरी रीत कळली. लहान मापाची व्हायोलिनं तिथे कुणाच्याच मालकीची नसत. एकाला लहान झालं की ते दुसऱ्याकडे जाई. पण नुसतं द्यायचं नाही. ज्याने सोडलं त्याने पुढचा महिनाभर दर रविवारी दहा मिनिटं आधी येऊन नव्या मुलासाठी ते सुरात लावून द्यायचं. लहान व्हायोलिनच्या खुंट्या सारख्या सरकतात आणि लहान मुलांच्या बोटांत त्या पिळण्याचा जोर नसतो, म्हणून ही सोय. मला पाऊण मिळालं तेव्हा माझं अर्धं अनघाकडे गेलं. खरं सांगायचं तर मला ते द्यायचं नव्हतं आणि तिच्यासाठी भातकुलीहून आधीची एसटी पकडून यायचं तर मुळीच नव्हतं. दुसऱ्या रविवारी मी मुद्दाम उशिरा गेले. पाहते तर सगळा वर्ग गप्प बसलेला. अनघा बेसूर व्हायोलिन मांडीवर घेऊन रडवेली झालेली आणि ताई शांतपणे कढीपत्त्याला पाणी घालताहेत. त्यांना ते सुरात लावायला अर्धं मिनिट लागलं नसतं. "तुह्यं काम हाय ते," एवढंच त्या म्हणाल्या. मी खाली मान घालून खुंट्या पिळल्या. त्या महिन्यात माझा कान तयार झाला, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

ताई निवृत्त झाल्यावर लोकांना वाटलं आता त्या घरी बसतील. त्यांनी महिन्यातून एकदा धारणीला जायला सुरुवात केली. तिथल्या एका आश्रमशाळेत मुलांना शिकवायला. चार लहान व्हायोलिनं गोधडीत गुंडाळून बसच्या मागच्या सीटवर ठेवायच्या आणि स्वतः त्यांच्या बाजूला बसायच्या. मेळघाटातला तो रस्ता म्हणजे पोटातलं पाणी हलवणारा. पोचेपर्यंत एकेका व्हायोलिनची घोडी, म्हणजे तारा उचलून धरणारा तो लाकडी तुकडा, हमखास कलंडलेली असे आणि ताईंचा पहिला तास त्या उभ्या करण्यात जाई. एकदा मी सोबत गेले होते. तिथल्या सरांची इच्छा अशी की पाहुण्यांसमोर फोटो काढायचा आहे तर सगळ्या मुलांच्या हातात एकसारखी, मोठी व्हायोलिनं असावीत. ती ते कुठून तरी मागवणारही होते. ताई त्यांना म्हणाल्या, "फोटोले वाजवता येते काय सर? पोरायले वाजवाचं हाय." सरांनी मग मुलांना उंचीप्रमाणे उभं केलं आणि फोटो तरीही चांगला आला.

माझं लग्न होऊन मी अकोल्याला आले आणि पहिली दोन वर्षं माझं वाजवणं बंदच पडलं. कुणी बंद केलं नव्हतं. संसारात बायकांचं जसं आपोआप बंद पडतं तसं पडलं. ताई एक दिवस न कळवता अकोल्याला आल्या. सासूबाईंनी केलेलं पिठलं-भाकर पोटभर जेवल्या, पिठल्याची कृती विचारून घेतली आणि हात धुताना म्हणाल्या, "वहिनी, मले हिचा रविवार पायजे." सासूबाई जरा दचकल्या. मग म्हणाल्या, "घ्या ना बाप्पा. पण सोमवारी परत धाडजा." तेव्हापासून माझे रविवार ताईंचे झाले. मूर्तिजापूरवरून अमरावती, संध्याकाळी परत. सासूबाई शेवटपर्यंत माझी ओळख "हे आमच्या सोमवार ते शनिवारच्या सूनबाई" अशी करून देत आणि स्वतःच हसत.

पुढे मी अकोल्यात स्वतःचा वर्ग सुरू केला, ताईंकडचे रविवार विरळ झाले, आणि या वर्गात मी एक चूक केली. ती या ग्रंथात लिहावी का, असा विचार मनात आला होता, पण ताईंबद्दल लिहायचं आणि आपल्या चुका लपवायच्या हे जमणार नाही. तेल्हाऱ्याहून एक मुलगी माझ्याकडे येत असे. अकरा वर्षांची, हात नाजूक, सूर मात्र असा की ऐकत राहावं. एक स्पर्धा जवळ आली होती. पाऊण व्हायोलिनचा आवाज मोठ्या हॉलमध्ये भरत नाही म्हणून मी तिला पूर्ण व्हायोलिन दिलं. तीन रविवार नाहीत, दमवणं नाही, काही नाही. मला बक्षीस दिसत होतं, तिचा खांदा दिसला नाही. महिन्याभरात तिचा अंगठा दुखायला लागला, मग मनगट, आणि एक दिवस तिच्या वडिलांनी फोनवर सांगितलं की पोरगी आता वायलिन शिकाचं नाही म्हणते.

मी ताईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मला घेऊन तेल्हाऱ्याला गेल्या. मुलगी दाराआड उभी, पाऊण व्हायोलिन पुन्हा घ्यायला तयार नाही. खाली उतरायचं म्हणजे नापास झाल्यासारखं, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ताईंनी तिची समजूत घातली नाही. तिच्या आईकडे ओल्या भुईमुगाच्या शेंगा मागितल्या, अंगणात तिच्याशेजारी बसून त्या सोलत राहिल्या आणि तासाभराने म्हणाल्या, "शैलाबाईची चूक हाय, तुही नाही. तुले मोठं दिलं हे चुकलं. आता बरोबर देऊन राहिलो." माझ्या विद्यार्थिनीसमोर, तिच्या आईवडिलांसमोर, मला तिथे शेजारी बसवून त्यांनी हे सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती मुलगी हळूच माझ्याकडे बघून हसली, आणि पुढच्या रविवारी अकोल्याला आली. आज ती माझ्या वर्गातल्या लहान मुलांना शिकवते. माप घेताना तिच्याइतकी कडक तर मीसुद्धा नाही.

आता गेल्या चार महिन्यांकडे येते.

समितीला ताईंनी नकार दिल्यावर त्यांचं मन वळवायचं काम माझ्याकडे आलं. मी रविवारी गेले. वर्ग सुरू होता. एका लहान मुलीला एक जागा येत नव्हती. ताईंनी तीनचारदा गाऊन दाखवली, तरी येईना. तेव्हा त्यांनी सहज तिच्या हातातलं पाऊण व्हायोलिन घेतलं आणि ती ओळ वाजवली. एकच ओळ. भूपातली होती. इतकी स्वच्छ, की मी दारातच थांबले. मनात म्हटलं, यांचा हात तर आहे तसा आहे, मग या वाजवत का नाहीत?

मुलं गेल्यावर मी आत चहा ठेवायला गेले. परत येताना पाहिलं, ताईंनी स्वतःचं व्हायोलिन पेटीतून काढलं होतं. पुसायला काढलं असावं. खोलीत कुणी नाही असं समजून त्या बसल्या, टोक पावलावर टेकवलं आणि करंगळी पंचमाकडे नेली. बोट पोचलं नाही. त्यांनी पुन्हा ताणलं. खांदा वर गेला आणि खालचा ओठ दातात आला. मग त्यांनी व्हायोलिन हळूच पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं.

मी दोन कप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होते. मला त्या क्षणी सगळं कळलं. गेल्या वर्षभरात ताईंच्या बोटांचे सांधे आखडलेत, पंजा पूर्वीसारखा फाकत नाही. पूर्ण व्हायोलिन त्यांना मोठं झालं होतं. बस, एवढंच. कुठल्याही मुलाच्या बाबतीत मी ते पहिल्या नजरेत सांगितलं असतं. पण समोर ताई होत्या. मी चहा दिला, इकडचं तिकडचं बोलले आणि तो विषय न काढताच अकोल्याला परत आले.

पंधरा दिवस मी तशीच राहिले. ज्यांनी माझं माप घेतलं त्यांना मी जाऊन सांगायचं की तुमचं माप उतरलंय? त्यांना अपमान वाटला तर? त्यापेक्षा त्यांचं ऐकण्याचं वय झालंय हे मान्य करून गप्प बसणं काय वाईट? यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "सांगून टाक ना. त्या काय तुले मारतीन?" मारण्याची भीती नव्हती. त्या हो म्हणतील, गोड हसतील आणि मग कायमच्या मिटून जातील, ही भीती होती.

शेवटी एका रविवारी माझ्या वर्गातली तीन पाऊण व्हायोलिनं मी एकामागून एक वाजवून पाहिली. एकाचा आवाज नाकात, एकाची मान फार जाड. तिसरं बरं होतं, गोड होतं. ते मांडीवर घेऊन मी अमरावतीची एसटी पकडली. मूर्तिजापूर येईपर्यंत काय बोलायचं ते ठरवलं आणि बडनेरा येईपर्यंत सगळं विसरले.

ताई डाळ निवडत बसल्या होत्या. मी पेटी खाली ठेवली आणि एकदम म्हणाले, "ताई, सतरंजीवर बसा जरा. मले तुमचं माप घ्याचं हाय."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "काहून?"

"तुमचं वायलिन तुमाले मोठं झालं."

त्यांनी डावा पंजा उघडून मिटला. बाहेर रिक्षा वाजत होत्या, शेजारी कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. मला वाटलं, चुकलंच आपलं. मग ताई आपल्या डाव्या हाताकडे बघत म्हणाल्या, "मले वाटलं हात गेला. दिवाळीपासून मी मनात म्हणून राहिली, का संपलं आता. कोणाले सांगाव?"

"हात नाही गेला ताई. त्या दिवशी पोरीच्या वायलिनवर भूप कसा वाजवला तुमी. मी दारात होती."

"खांदा उचलते काय माह्या?"

"उचलते. अन् ओठ बी चावता तुमी."

यावर ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. "एवढ्या पोरायचे खांदे पाह्यले," त्या म्हणाल्या, "आपला आपल्याले दिसत नाही बाई."

मग त्या उठून सतरंजीवर आल्या. बसताना गुडघ्याला हात लावावा लागला. मी पाऊण व्हायोलिन काढून त्यांच्या पावलावर टेकवायला गेले तर लगेच माझा हात बाजूला केला. "अगोदर पाय पाह्य. पाय नीट नसला तं माप चुकते. किती वर्सं झाली शिकवून तुले?" मी पाय पाहिला. टोक टेकवलं. त्यांनी करंगळी पुढे नेली. ती पंचमावर अलगद पडली, ताईंनी शेजारची मोकळी तार छेडून पाहिली, सूर एक झाला. खांदा होता तिथेच होता.

त्या वाजवायला लागल्या. आधी नुसता सा, लांब, पुन्हा पुन्हा. मग भूप. डाळ सुपात तशीच राहिली, माझी चारची एसटी गेली, नंतरचीही गेली. मध्ये एकदा थांबून त्या म्हणाल्या, "पाऊणशे वय अन् पाऊण वायलिन. जमलं म्हणाव," आणि हसून पुन्हा सुरू झाल्या. मी लहानपणापासून त्यांना ऐकत आले आहे. मोठ्या सभागृहांत ऐकलंय, आकाशवाणीवर ऐकलंय. पण त्या दुपारी त्या कुणासाठी वाजवत नव्हत्या. गेलेलं परत मिळाल्यावर माणूस ते जसं चाचपून बघतो, तशा वाजवत होत्या. माझ्या आयुष्यात मी एवढं सुंदर काही ऐकलेलं नाही. वाजवून झाल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले, व्हायोलिन उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "तारा जुन्या हायेत याच्या. बदलून घेजो."

कार्यक्रमात त्या वाजवणार आहेत. दहा नाही, वीस मिनिटं मागून घेतली आहेत, समितीने नोंद घ्यावी. हे सगळं लेखात लिहू का, असं मी त्यांना विचारलं. म्हटलं, नसेल आवडत तर गाळते, लोक काय म्हणतील. ताई म्हणाल्या, "लिही ना. पोरायले माहीत हाय का माप चढते. ते उतरते बी, हे कोण सांगन त्यायले?" म्हणून लिहिलं. त्यांनी मला हेही बजावलं की लेखात जास्त कौतुक नको. ते मी पाळलंय असं मला वाटतं, कारण वर जे लिहिलंय ते नुसतं घडलेलं आहे.

या ग्रंथात अनेक मान्यवर ताईंना शतायुषी होण्याच्या शुभेच्छा देतील आणि त्या सगळ्या मनापासूनच असतील. माझं मागणं त्यांच्याहून जरा हावरट आहे. पाऊण व्हायोलिन ताईंना पुष्कळ वर्षं पुरावं. मग कधीतरी तेही मोठं व्हावं आणि त्यांनी अर्धं हाती घ्यावं. अर्धंही जड होईपर्यंत त्यांची प्रकृती ठणठणीत राहावी आणि त्यानंतर पाव. एवढं आयुष्य त्यांना मिळावं, आणि प्रत्येक वेळी सतरंजीवर बसवून त्यांचा खांदा पाहायला आम्हा शिष्यांपैकी कुणीतरी हजर असावं. पाव मापाचं एक व्हायोलिन माझ्याकडे आहे, ताई. आज सकाळीच मी त्याला नव्या तारा चढवल्या.